अर्थिंग चोख होतं, अँटेनाही काढली होती, तरी रिसीव्हर जळला. चुकलं कुठे?

कानोसा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हांला अंदाज यायचा नाही.

आमचं म्हसरूळला रो-हाउस आहे, ओळीतलं शेवटचं. त्यामुळे मागे थोडं अंगण आणि कोपऱ्यात एक आंबा. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. क्वार्टरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची, तोच आमचा एरियल, आणि सिलोन त्याच्यावरच लागायचं. त्यांची ती खोड माझ्यात उतरली. बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर एक सेकंडहँड जपानी टेबल रिसीव्हर, म्हणजे शॉर्टवेव्ह ऐकायचा रेडिओ, घेतला. गच्चीच्या कठड्यापासून आंब्यापर्यंत वीस मीटर तार ओढली. कठड्यापाशी भाच्याने रिंगवर गुंडाळून दिलेला नऊला-एक ट्रान्सफॉर्मर, तार आणि केबल यांचा मेळ घालायला, आणि तिथून डिशची जुनी केबल खाली खोलीत.

रेडिओची अर्थ स्वतंत्र हवी, घरच्या अर्थिंगमधून सगळी खरखर येते, असं मी दहा जणांकडून ऐकलं होतं. म्हणून मागच्या अंगणात आंब्यापाशी खास खड्डा घेतला. अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, कोळसा, मीठ, वर पाणी घालायला नरसाळं. वायरमनने फेज आणि पाइप यांच्यामध्ये शंभरचा बल्ब लावून दाखवला. लख्ख पेटला. "मॅडम, फर्स्ट क्लास अर्थ!" तिथून हिरवी वायर खिडकीतून आत घेतली आणि सेटच्या मागच्या अर्थच्या स्क्रूला कसली. सेटला १३.८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय, थ्री-पिन. रेकॉर्डिंगसाठी आवाजाची एक वायर लॅपटॉपला.

मे महिन्यात एका संध्याकाळी चामरलेणीच्या डोंगरामागे आभाळ काळं झालं. वळीव येणार हे दिसतच होतं. नेहमीप्रमाणे मी सेट बंद केला, अँटेनाची केबल मागून सोडवली आणि टेबलाखाली टाकली. अर्ध्या तासाने एकच कडाडलं, खिडक्या थरथरल्या आणि लाईट गेली. वीज आमच्या घरावर पडली नाही. आंब्याचं पानसुद्धा करपलेलं नाही. पलीकडच्या मळ्यात पडली म्हणे, तिथे पंपाचा स्टार्टर गेला.

लाईट आल्यावर सेट लावला. डायलचा दिवा लागतो, आवाज शून्य. लॅपटॉप तर मेलेलाच. भाच्याने सेट उघडला, तर अर्थच्या स्क्रूपाशी सर्किटवरची तांब्याची पट्टी गायब. जिथे होती तिथे बोटभर काजळीची रेघ.

अँटेना काढलेली, सेट बंद, अर्थ फर्स्ट क्लास. मग वीज शिरली कुठून? आमचे हे म्हणतात, खड्डा बुजव आणि तिथे कढीपत्ता लाव.

सबस्टेशनकाका

ताई, नुकसान झालं हे वाईटच. पण ती काजळीची रेघ नीट बघून ठेवलीत हे फार बरं केलंत. चोर कुठल्या दाराने आला ते तिथेच लिहिलंय. वीज अँटेनातून आलीच नाही. तुमच्या त्या फर्स्ट क्लास अर्थमधून आली.

मी उभी नोकरी सबस्टेशनात काढली. आमच्या दिंडोरीकडच्या गावात उन्हाळ्यात हमखास कानावर यायचं: झाडाखाली बांधलेली गाय वीज पडून गेली, शेजारी उभा असलेला गडी वाचला. वीज गाईवर पडलेलीच नसते, झाडावर पडते. जमिनीत उतरली की चहूकडे पसरते. झाडापाशी व्होल्टेज जास्त, लांब जावं तसं कमी. गाईचे पुढचे पाय एका जागी, मागचे पाच फूट मागे. दोन्ही जागांमधला फरक तिच्या अंगातून वाहतो आणि वाटेत काळीज असतं. माणसाचे पाय एकमेकांजवळ, म्हणून पुष्कळदा तो सुटतो.

तुमचा रेडिओ ती गाय झाला. पुढचे पाय थ्री-पिनमधून मीटरपाशीच्या अर्थवर, मागचे पाय आंब्यापाशी. हजार अँपिअरचा नुसता वाटा दहा ओहमच्या अर्थमध्ये शिरला तरी तिथली पातळी दहा हजार व्होल्टने वर जाते, आणि विजेचा पूरा लोळ तीस-तीस हजार अँपिअरचा असतो. मळ्यातली वीज वरच्या तारांमधून मीटरपर्यंत आली असेल किंवा जमिनीतून खड्ड्यापर्यंत. कशीही आली असो, दोन अर्थांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडला आणि त्या दोघींना जोडणारी एकमेव वाट तुमच्या टेबलावरून जात होती. सेटचा स्विच बंद होता, पण स्विच अर्थ कधीच तोडत नाही. बऱ्याच सप्लायमध्ये मायनस आणि बॉडी आतून एकच असतात. लॅपटॉपचा चार्जरही थ्री-पिन असेल, तर आवाजाच्या वायरीच्या जाळीतून (बाहेरच्या तांब्याच्या वेष्टनातून) तोही त्याच वाटेवर आला.

आता त्या बल्बचं. शंभरचा बल्ब २३० व्होल्टवर अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, ०.४३ घेतो. अर्थ वीस ओहमची असली तर तिच्यात जेमतेम नऊ व्होल्ट पडतात, बल्बला उरलेले २२० मिळतात. अर्थ पाचची असो की वीसची, बल्ब तसाच लख्ख. त्या परीक्षेत फक्त ठार मेलेली अर्थ नापास होते. आणि मला दुसरीच काळजी लागलीय. ०.४३ अँपिअर जमिनीत गेले आणि तुमचा आरसीसीबी, म्हणजे गळती दिसली की लाईट तोडणारा स्विच, पडला नाही? तो ३० मिलीअँपिअरला पडायला हवा. घरात आहे ना?

खड्डा बुजवू नका. चूक खड्ड्याची नाही, तो एकटा ठेवला ही चूक. मीटरपाशीची अर्थ आणि आंब्याची अर्थ बाहेरून, भिंतीच्या पायथ्याने जोडून टाका. २५ बाय ३ मिलीमीटरची जीआय पट्टी चालेल किंवा १६ स्क्वेअर मिलीमीटरची तांब्याची वायर. काटकोनात मोडू नका, मोठा बाक द्या. आणि पाइपभोवतीची माती आत्ता, जूनच्या आधी, एकदा बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पाइपला सोडून मागे सरते. पावसात छान असलेली अर्थ मे महिन्यात नुसती नावाला उरते, आणि वीज नेमकी मे महिन्यात पडते.

एकतीसमीटर

काकांच्या गाईला दंडवत. हे उदाहरण आता मी सगळीकडे वापरणार.

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, देवळाली कॅम्पला. एक भर घालतो. नुसत्या पट्टीने जोडलं की झालं, असं नाही. सरळ तारेलासुद्धा मीटरमागे साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे झपाट्याने चढणाऱ्या करंटला विरोध, असतो. तुमची पट्टी पंधरा मीटर धरली तर पंधरा मायक्रोहेन्री. एका मायक्रोसेकंदात शंभरच अँपिअर चढले तरी तिच्या दोन टोकांत दीड हजार व्होल्ट. म्हणजे दोन अर्थ जोडल्यावरही सेट दोघींना वेगवेगळ्या टोकांनी शिवत असेल तर गाय पुन्हा उभी राहिली. सेटने सगळं एकाच जागेवरून घ्यायला हवं.

त्यासाठी मीटरच्या बाजूच्या भिंतीवर, बाहेर, एका प्लास्टिकच्या डब्यात तांब्याची जाड पाटी बसवा. अँटेनाची केबल त्या पाटीवरच्या कनेक्टरमधून आत जाईल, तिची जाळी पाटीला. ज्या बोर्डावर सेट आणि लॅपटॉप लावता त्याची अर्थही त्याच पाटीवरून. पाटीपासून मीटरच्या अर्थपर्यंत हातभर वायर. सेटच्या स्क्रूला वेगळी हिरवी वायर नकोच. केबल मागच्या खिडकीतून आणण्याऐवजी मीटरच्या बाजूने फिरवा, आठ-दहा मीटर वाढली तरी शॉर्टवेव्हला काही बिघडत नाही.

पाटीवर ९० व्होल्टची गॅस ट्यूब, म्हणजे जादा व्होल्टेज आलं की पेटून ते अर्थला उतरवणारी नळी, लावा, पाय आखूड कापून. तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. झटका फार वेगाने चढला तर पेटायच्या आत ती काहीशे व्होल्ट पुढे सोडते. समांतर उलटसुलट दोन डायोड लावायचा सल्ला मिळेल. जोरदार स्टेशनं त्या डायोडांत मिसळून नसलेल्या जागी भुतासारखी उगवतात, म्हणून मी लावत नाही.

रोजचा त्रास वेगळा. ढगाचा टिपूस नसतानाही कोरड्या, धुळीच्या वाऱ्यात लांब तारेवर चार्ज साठतो. अंधारात केबलचं टोक पाटीजवळ नेलं तर टचकन ठिणगी दिसते. पहिल्या टप्प्याचा ट्रान्झिस्टर असाच, कोणाला न कळता, अर्धमेला होतो. भाच्याचा ट्रान्सफॉर्मर ऑटो पद्धतीचा, म्हणजे एकाच गुंडाळीचा, असेल तर काळजी नाही. तार आणि केबलची जाळी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा, शून्य ओहमच्या आसपास दाखवलं की चार्ज आपोआप उतरतोय. काहीच दाखवलं नाही तर तिथे एक मेगाओहमचा रेझिस्टर टाका, ऐकण्यात फरक पडत नाही.

आणि ताई, सोडवलेली केबल टेबलाखाली टाकू नका. ती घरात आली म्हणजे वीज घरात आली. सोडवायची ती बाहेर, डब्यातच.

गोदाकाठ

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ केबलचं टोक काचेच्या बरणीत घालून झाकण लावून ठेवतात. त्यांना आजवर काही झालेलं नाही. अर्थिंगमुळे उलट वीज ओढली जाते असंही म्हणतात ते. खरं काय?

सबस्टेशनकाका

बरणीत लोणचं घाला. जी वीज ढगापासून कोस-दीड कोस हवा फोडत खाली येते, ती दोन मिलीमीटर काचेशी थांबेल? त्यांना काही झालं नाही, कारण बहुतेकांना बहुतेक वर्षं काहीच होत नाही. अर्थिंग विजेला बोलावत नाही. ती पडायचीच असेल तर उंची बघते, मग ताईंची तार असो नाही तर आंबा. आणि खुद्द तारेवर पडली तर यांतलं काहीच वाचवणार नाही, पाटी नाही की गॅस ट्यूब नाही. हे सगळं आजूबाजूला पडणाऱ्या विजेसाठी आहे.

आमच्या घरच्या जुन्या मर्फी रेडिओला खिडकीच्या चौकटीवर चिनीमातीच्या ठोकळ्यावर पितळी पात्याचा स्विच होता. आभाळ आलं की आजोबा पातं खाली पाडायचे, एरियल थेट अर्थला. रेडिओचं लायसन्स पोस्टात भरायचे दिवस ते. अक्कल मात्र आजच्यापेक्षा बरी होती.

गोदाकाठ

एक खवचट प्रश्न. जगातलं सगळं मोबाइलवर ऐकू येतं, मग एवढा खटाटोप कशासाठी?

कानोसा

गोदाकाठ, तुमच्यासारखाच प्रश्न घरात रोज असतो. बीबीसी हिंदीने ३१ जानेवारी २०२० ला रेडिओवरचं प्रसारण थांबवलं, त्या दिवशी आमचे हे म्हणाले, "झालं, आता तरी तार काढ." नाही काढली. रात्री दहानंतर ३१ मीटर बँडवर कुठलं तरी अनोळखी गाणं पाण्याखालून यावं तसं वर येतं आणि बुडतं. मोबाइलवर ते बुडत नाही, हीच अडचण आहे.

आता कामाचं. महिनाभराने लिहितेय, कारण सगळं करून मगच सांगायचं ठरवलं होतं.

काका, तुमची शंका खरी. घरात आरसीसीबी नव्हताच, नुसते एमसीबी, जादा करंटला पडणारे. एवढी वर्षं आम्ही तसेच राहिलो. पहिलं काम ते केलं, सोबत डीबीमध्ये, म्हणजे मेन बोर्डात, झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर. मग पाइपाशी उकरलं. पाइप आणि माती यांच्यामध्ये एवढी फट होती की माझी चार बोटं सरळ मनगटापर्यंत आत गेली. वायरमनला दाखवलं, तो म्हणाला, "मीठ कमी पडलं." मीठ टाकलं नाही. आधी दोन दिवस पाणी सोडलं, माती फुगून पाइपला चिकटली. मग नरसाळ्यातून बारीक चाळलेली माती कालवून ओतली.

पट्टी टाकताना वायरमन अडून बसला. "दोन अर्थ एक केल्या तर दोन कशाला काढल्या?" त्याला गाईची गोष्ट सांगितली. तो सिन्नरकडचा. क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "आमचा एक बैल गेला होता असाच." त्यानंतर एका शब्दाने बोलला नाही, पट्टी मात्र अशी सुबक वाकवली की कुठे कोपरा म्हणून नाही.

पाटीसाठी भांडी बाजारात गेले. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती पातळ आणि महाग. एका दुकानात तांब्याच्या पत्र्याचा तुकडा पडलेला दिसला, किलोच्या भावाने दिला. "कशाला हवाय, होमाला का?" म्हणाले. रेडिओला म्हटल्यावर त्यांनी भोकंही पाडून दिली. त्यांच्याकडे म्हणे पूर्वी रेडिओची जाळीची पट्टी विकायला असायची.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. दोन्ही अर्थ जोडल्या, पाटी बसवली, सेट दुरुस्त होऊन आला, हौसेने लावला, आणि ऐकणं पार बिघडलं. माझी एक खूण आहे. रात्री १० मेगाहर्ट्झवर चीनच्या वेळ सांगणाऱ्या स्टेशनची टिकटिक लागते. ती कितपत स्वच्छ येते त्यावरून मी त्या दिवसाचं रेडिओचं हवामान ठरवते. आधी घड्याळासारखी यायची. आता तिच्यावर करवतीसारखी घरघर. फ्रिज बंद केला, थोडी कमी. जिन्यातला एलईडी बंद केला, आणखी कमी. म्हणजे लोक "घरच्या अर्थिंगमधून खरखर येते" म्हणत होते ते खोटं नव्हतं. उपाय तेवढा चुकीचा सांगत होते. एकतीसमीटर, आता हे कसं घालवू?

एकतीसमीटर

बरोबर पकडलंत. घरातली घाण पाटीवरून केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगाने गच्चीपर्यंत चढते आणि तिथे तारेत शिरते. अर्थ तोडायची नाही, तो जिना अडवायचा. एम. जी. रोडवर फेराइटची मोठी रिंग मिळाली तर बघा, नाहीतर ऑनलाइन. शॉर्टवेव्हला चालणारा ३१ किंवा ४३ नंबरचा माल हवा, जुन्या सप्लायमधली पिवळी रिंग नको. डिशची केबल जाड आहे, ती वळणार नाही. आरजी-१७४ ची बारीक केबल दीड-दोन मीटर घेऊन रिंगमधून दहा-बारा वेढे द्या, दोन्ही टोकांना कनेक्टर, आणि गच्चीवर ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळ केबलमध्ये मध्ये घाला. मात्र मग ट्रान्सफॉर्मरच्या अर्थच्या टोकाला जमिनीचा आधार उरत नाही, त्यामुळे तिथून पाच-सहा मीटर तार कठड्यालगत नुसती पसरून द्या.

चार्जचं मल्टिमीटरने पाहिलंत का?

कानोसा

पाहिलं, शून्य दाखवतो. भाचा तेवढ्यावर आठवडाभर ऐटीत होता.

रिंग आली, अकरा वेढे बसले, बारावा काही केल्या जाईना. काल रात्री लावली. टिकटिक परत आली. पूर्वीइतकी नाही, पूर्वीपेक्षा बरी, कारण आता जिन्यातला दिवा चालू असतानाही येते. लॅपटॉपच्या वायरीत एकास-एक ट्रान्सफॉर्मर घातला, म्हणजे सेट आणि लॅपटॉप थेट जोडलेले राहत नाहीत, आणि रेकॉर्डिंग बॅटरीवर करते.

एक अडचण उरली होती. केबल सोडवायचा डबा बाहेरच्या भिंतीवर. गडगडाट ऐकून बाहेर जायचं म्हणजे आपणच गाय व्हायचं. आवाजाला किलोमीटरला तीन सेकंद लागतात. चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत ऐकू आलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत, तेव्हा डब्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, जवळपासच्या विजेची सूचना देणारं दामिनी ॲप मोबाइलवर घेतलं. पण खरा उपयोग झाला तो वडिलांच्या छोट्या ट्रान्झिस्टरचा. बॅटरीवर, मीडियम वेव्हला जिथे एकही स्टेशन नाही अशा जागी काटा ठेवून ओट्यावर चालू ठेवते. लांब वीज चमकली की त्यात 'कर्र' होतं, ढग दिसायच्या कितीतरी आधी.

परवा दुपारी चारला पोळ्यांचं पीठ भिजवताना पहिलं 'कर्र' झालं. बाहेर रखरखीत ऊन. पिठाच्या हाताने जाऊन केबल सोडवली, टोक पाटीवरच्या टोपणात बसवलं, आत येऊन दोन्ही प्लग उपटले. हे पेपरातून मान वर काढून म्हणाले, "ऊन पडलंय गं." पावणेसहाला कडाडायला लागलं.

काका, शेवटचं एक विचारते. खड्ड्यात पाणी किती घालत जाऊ?

सबस्टेशनकाका

उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या, सावकाश. आता नको, आता वरूनच पडतंय. आणि कढीपत्ता खड्ड्याशेजारी खुशाल लावा, म्हणजे पाणी घालायचं विसरणार नाही. फक्त मीठ टाकायचं नाही.